नाथानचं कोकरू

आख्यान ऐन वेळी बदलायचं नाही, हा शुलामितआत्याचा नियम होता. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बायकांचं कीर्तन मंडळ उभं केल्यापासून तिने तो एकदाही मोडला नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या दुपारी, ईडन प्रेरीतल्या एझ्राच्या नव्या घरात, तो मोडला. त्याला कारण झाली एझ्राची बायको मीनाक्षी, आणि त्या वेळी ती गूळ किसत होती.

घराचा मलिदा होता. नवं घर घेतलं की बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिदा करतो, मग घर अलिबागजवळ असो की मिनेसोटाच्या बर्फात. पोहे धुऊन ठेवले होते, इंडियन स्टोअरमधलं गोठलेलं खोबरं ओट्यावर सुटं होत होतं, आणि सुपरमार्केटमधून आणलेल्या गुलाबांना अजिबात वास नव्हता. आत्याने एक फूल नाकाशी नेलं आणि म्हणाली, "हा गुलाब आहे असं यांनी लेबलावर लिहिलंय, म्हणून मानायचं."

मीनाक्षी हसली नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही, आत्या."

"काही नाही तर गुळाचा पार भुगा का केलास? तू पुण्याची. तुला राग आला की तू काम जरा जास्तच नीट करतेस. बोल."

मीनाक्षीने दिवाणखान्याकडे पाहिलं. तिथे एझ्रा खुर्च्या मांडत होता, म्हणजे तो बोट दाखवत होता आणि त्याचा धाकटा भाऊ हायम खुर्च्या उचलत होता. मीनाक्षीने नळ सोडला, पाण्याचा आवाज मोठा केला आणि त्या आवाजाआडून म्हणाली, "तुमचं परतीचं तिकीट यांनी कॅन्सल केलंय."

आत्याचा हात खोबऱ्यातच राहिला.

"परवा फोनवर बोलताना ऐकलं मी. ट्रॅव्हल एजंटला सांगत होते, मॅडम आता इथेच राहणार. व्हिसा एक्स्टेंड करायचं वकिलाशी बोललेत म्हणे."

"आणि मला कधी सांगणार होता हा?"

"हनुक्का झाल्यावर. आधी सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही म्हणाले."

हनुक्का झाल्यावर! आत्याला राग आला तो या शब्दांचा. यंदाचं हनुक्काचं, म्हणजे डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाचं, कीर्तन तिचं होतं. सगळा उन्हाळा एझ्राच्या घरात बसून तिने ते रचलं होतं, साक्या-दिंड्या बसवल्या होत्या, चाली पेटीवर वाजवून, टेप करून ठाण्याला पाठवल्या होत्या. मंडळातल्या बायका त्या चालींवर तयारी करत होत्या. झांजा धरायला पुष्कळ जणी होत्या, पण मध्यभागी उभं राहून गोष्ट सांगणारी ती एकटी. ती गेली नाही तर कीर्तन होणार नव्हतं, आणि एकदा झालं नाही की पुढच्या वर्षी बायका जमतीलच याचा काही भरवसा नव्हता.

"हायमला माहीत आहे?"

"दोघांचं मिळूनच आहे. सहा महिने आमच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे मॉरिसव्हिलला."

"वा! आणि तू कुठल्या पक्षात?"

मीनाक्षीने हात पुसले. "खरं सांगू? तुम्ही राहिलात तर मला हवंच आहे. दीनाला चार शब्द मराठी येतील, मला घरात बोलायला माणूस मिळेल. म्हणून तर दोन दिवस तोंड मिटून बसले. पण मला कुणी असं न विचारता ठेवून घेतलं असतं ना, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन ठाण्याच्या घरात आली तेव्हा या मुलीला शुक्रवार संध्याकाळचा शब्बाथचा दिवा लावायलाही आत्यानेच शिकवलं होतं.

"आज एलियाहू आणि बआलाचे पुजारी लावणार होते," आत्या म्हणाली. "एलियाहूच्या हातून मरायचे ते पुजारी आज वाचले. आज नाथान लावू."

"नाथान? दावीद राजाला खडसावणारा तो संदेष्टा? अहो, ती गोष्ट यांना तोंडपाठ आहे. लगेच ओळखतील."

"तोंडपाठ आहे म्हणूनच. पाठ झालेली गोष्ट माणसाला नेहमी दुसऱ्याचीच वाटते."

असं म्हणून तिने भुगा झालेला गूळ पोह्यांत कालवला आणि तो चाखून छान झालाय असा निर्वाळा दिला.

*

बदल पहिल्यांदा कळला तो पनिनाला, कारण पेटी तिच्याकडे होती. हायमची ही बायको एरवी कशातच पडत नसे. नॉर्थ कॅरोलायनाहून विमानाने येताना तिने पर्समध्ये भांडणावर वाचायला म्हणून एक जाड कादंबरी ठेवली होती, म्हणजे भांडण सुरू झालं की ती कादंबरी उघडायची. तिने नवऱ्याला कोटांच्या खोलीत गाठलं.

"आत्याने आख्यान बदललं. एलियाहू नाही. नाथान आहे."

हायमच्या हातातली खुर्ची खाली आली. "का?"

"मला काय माहीत! काळी चार धर म्हणाली आणि हसली. कसलं हसली ते विचारू नकोस."

हायम रंगाने मुळात गोरा, तो आणखी गोरा झाला. त्याला ते हसू माहीत होतं. शाळेत असताना त्याने एझ्राची सायकल न विचारता नेऊन मोडली होती, तेव्हा आत्या संध्याकाळभर तसंच हसत होती आणि जेवताना तिने त्याला दोनदा वाढलं होतं. शेवटी त्यानेच रडत सगळं सांगून टाकलं.

"तिला कळलंय," तो पुटपुटला.

"काय कळलंय?"

हायमला सांगावं लागलं. पनिनाने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "मॉरिसव्हिलला सहा महिने. म्हणजे आपल्या घरी. आणि हे तुम्ही दोघांनी ठरवलं. मला कधी सांगणार होतास, हनुक्का झाल्यावरच का?"

हायम भावाला सावध करायला धावला. एझ्रा दारात उभा राहून पाहुण्यांचे कोट घेत होता आणि प्रत्येकाला कुठे बसायचं ते सांगत होता. त्याला सवय होती. तिथल्या सिनेगॉगच्या रिच्युअल कमिटीचा तो चेअरमन होता, आणि लोकांनी कधी उठायचं, कधी बसायचं हे त्याच्याशिवाय कुणी ठरवत नसे.

"दादा, ऐक ना, आत्या नाथान लावतेय."

"नाथान? अरे वा!" एझ्राचा चेहरा फुलला. "म्हणजे मी राजा!"

थळकरांच्या घरची ही जुनी रीत होती. नाथानचं आख्यान असलं की यजमानाने समोरच्या खुर्चीत बसायचं आणि दावीद राजाची उत्तरं त्यानेच द्यायची. एझ्रा लहानपणी वडिलांना त्या खुर्चीत बघत आला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाहुण्यांसमोर ती आपल्याला मिळतेय म्हटल्यावर तो लगेच हातवाली मोठी खुर्ची ओढायला गेला.

"दादा, तसं नाही. मला वाटतं तिला..."

"यार, नंतर बोल. प्रफुल्लला तबल्यासाठी उशी दे."

प्रफुल्ल एझ्राच्या ऑफिसातला, नागपूरचा. आंबेडकर जयंतीला मिनियापोलिसच्या हॉलमध्ये त्याने वाजवलेला तबला ऐकून एझ्राने त्याला बोलावलं होतं. त्याने उशी घेतली आणि आदबीने विचारलं, "हायमभाऊ, गोष्ट काय आहे? म्हणजे मला ठेका धरायला बरं."

"एक राजा असतो," हायम म्हणाला, "आणि तो स्वतःच्या पायाने खड्ड्याकडे चालत जातो."

त्याच वेळी हायमने पक्ष बदलला. तो जाऊन मागच्या ओळीत, दाराजवळ बसला. पनिना पेटीमागे बसली होती, तिने कादंबरी पर्समधून काढलीच नव्हती.

*

मलिद्याची प्रार्थना झाली, फळांवरचे आशीर्वाद झाले, एलियाहू हन्नाबीचं गाणं सगळ्यांनी म्हटलं. मग आत्या उभी राहिली. पांढरी सुती साडी, त्यावर दीनाचा जांभळा स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे. असल्या वेशात दुसरं कुणी हास्यास्पद दिसलं असतं. आत्याने झांज एकदा वाजवली आणि समोरच्या अमेरिकन शेजाऱ्यांनीसुद्धा चहाचे कप खाली ठेवले.

"एका नगरात दोन माणसं राहत होती," तिने सुरुवात केली. "एक श्रीमंत. किती श्रीमंत? मेंढरं इतकी, की मोजायला माणसं ठेवलेली. तीन गाड्यांचं गॅरेज म्हणा ना."

लोक हसले. एझ्राही हसला. त्याचं गॅरेज तीन गाड्यांचंच होतं, पण तीन गाड्यांची गॅरेजं त्या रस्त्यावर सगळ्यांचीच होती.

"आणि दुसरा गरीब. त्याच्याजवळ एकच कोकरू. त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या भांड्यातलं प्यायचं, रात्री त्याच्या कुशीत झोपायचं. त्याला लेकीसारखं."

तिने साकी म्हटली. पनिनाच्या पेटीला प्रफुल्लचा हात असा काही जमला की दोघंही जरा खूष झाली. एझ्राने डोळे मिटून मान डोलावली. कोकराचा भाग आला की त्याचे डोळे भरायचेच, लहानपणापासून.

"श्रीमंताकडे पाहुणा आला. जेवण तर करायला हवं. पण स्वतःच्या कळपातलं एकही मेंढरू मारायला याचं मन होईना. मग काय केलं? शेजाऱ्याचं ते एकुलतं कोकरू उचललं. विचारलं? नाही. सांगितलं? तेही नाही. काय मनात होतं? सगळं होऊन गेल्यावर सांगू."

मागे हायमने कपाळाला हात लावला. मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदराने तोंड झाकलं.

"आता महाराज," आत्या एझ्राकडे वळली, "अशा माणसाला काय शिक्षा करावी? न्याय आपण करायचा."

एझ्रा उठून उभा राहिला. वडील बसूनच बोलायचे, पण एझ्राला उभं राहावंसं वाटलं.

"देवाशपथ," तो गरजला, "ज्याने हे केलं त्याला दयामाया नाही! त्याने चौपट भरून द्यावं!"

"चौपट?"

"चौपट! आणि ताबडतोब!"

"मंडळी, ऐकलंत?" आत्याने मंडळींकडे पाहिलं. "प्रफुल्लभाऊ, तुम्ही बाहेरचे. निवाडा बरोबर आहे?"

"एकदम कायदेशीर," प्रफुल्ल म्हणाला आणि धाऽ दिला.

आत्याने हात वर केला, बोट एझ्राच्या छातीवर रोखलं. "तर राजा, तूच तो माणूस!"

टाळ्या पडल्या. एझ्राने छातीवर हात ठेवून झुकून त्या घेतल्या. आता राजाने पळवलेली बथशेबा येणार, त्याने मारवलेला तिचा नवरा उरीया येणार, राजा रडणार, तेही त्याला तोंडपाठ होतं. तो खुर्चीत बसू लागला.

"बसू नकोस," आत्या म्हणाली. "झालं नाही अजून. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं मुंबईचं विमान होतं. ते कुठे गेलं?"

तबला थांबला. पेटीचा एक सूर रेंगाळत राहिला, कारण पनिना बोट उचलायला विसरली.

*

एझ्राला आधी वाटलं, हेही गोष्टीत आहे. मग त्याने मीनाक्षीकडे पाहिलं, मग हायमकडे. हायम बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आत्या, पाहुणे आहेत," एझ्रा हळू आवाजात म्हणाला.

"पाहुणे आहेत म्हणूनच. एकांतात बोलले असते तर तू माझी समजूत काढली असतीस. तुला ते फार छान जमतं."

"मी तुझ्या भल्यासाठी केलं."

"त्या श्रीमंतानेही कुणाच्या तरी भल्यासाठीच केलं असेल. पाहुणा उपाशी होता बिचारा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एझ्राचे कान लाल झाले. खरं म्हणजे त्याने चिडायचं ठरवलं होतं. पण त्याला एकदम मे महिन्यातली ती दुपार आठवली. आत्याच्या वाढदिवसाला त्याने ठाण्याला फोन केला होता आणि फोन शेजारच्या शरयूबाईंनी उचलला. बाईंना वाटलं त्याला माहीत आहे. जिन्यात पडल्या, मनगट मोडलं, आता प्लास्टर निघेल, असं त्या सहज सांगत गेल्या. पडून तीन आठवडे झाले होते. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून तो रडला होता, आणि त्याच दिवशी त्याने तिला इकडे बोलावून घेतलं.

"तुझी गोष्ट चुकली, आत्या," तो म्हणाला. "तू मला श्रीमंत केलंस. मी तो नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, हायम तीन. तुझ्या ताटातलं खाल्लं, तुझ्या कुशीत झोपलो. तू जिन्यात पडलीस आणि मला परक्या बाईकडून कळलं. गरीब तो मी आहे. माझ्याकडे एकच आहे, आणि ते तू आहेस."

पनिनाने पेटीवरच डोकं टेकलं आणि पेटी एकदम भसकन वाजली, पण कुणी हसलं नाही. हायम उठून पुढे आला आणि भावाशेजारी उभा राहिला. "आमच्याकडे," तो म्हणाला. "एकच."

आत्याच्या हातात झांज होती. तिच्या सगळ्या आयुष्यात श्रोत्याने उठून आख्यान उलटवल्याचं तिला आठवत नव्हतं. राजाने रडायचं असतं, देवापुढे पडायचं असतं. कोकरू तू आहेस असं नाथानला कुणी म्हणत नसतं. तिने पदर सारखा केला.

तेव्हा दीना बोलली. एझ्राची ही चौदा वर्षांची मुलगी मलिद्यातले काजू वेचून खात जमिनीवर बसली होती.

"वेट. तर आत्याआजी इज द लॅम्ब?"

"हो," एझ्रा म्हणाला.

"ओके. सो डिड एनीबडी आस्क द लॅम्ब?"

प्रफुल्लने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. मीनाक्षी पदराआड आता उघडपणे हसत होती आणि स्वतःचे डोळेही पुसत होती. राजे, संदेष्टे, मेंढरं, श्रीमंत, गरीब सगळे त्या गोष्टीत बोलतात. एवढ्या पिढ्या ती सांगताहेत आणि हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आत्यालासुद्धा.

एझ्राने खुर्चीचा हात धरला. मग सोडला. तो आत्याच्या समोर आला. "आत्या," त्याने विचारलं, "तुला काय हवंय?"

तिने दुपारपासून पुष्कळ तयारी केली होती. दरडावायची केली होती, लाजवायची केली होती. या प्रश्नाच्या उत्तराची तेवढी केली नव्हती. कारण हा प्रश्न तिला कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. दोन आईवेगळ्या मुलांना घेऊन ठाण्याच्या घरात आली तेव्हापासून कुणी विचारला नव्हता.

"मला जायचंय," ती म्हणाली. "कीर्तन माझं आहे. बायका वाट बघताहेत. मी तिथे उभी राहिले की मी कुणाची आत्या नसते, मी शुलामित थळकर असते. ते मला हवंय." ती थांबली. मग आवाज खाली आला. "आणि मला भीती वाटते, एझ्रा. त्या जिन्याची वाटते. पडले ना, तेव्हा मी किती वेळ तशीच पायरीवर बसून होते, ते शरयूलाही सांगितलं नाही. पण भीती वाटते म्हणून मला घरी ठेवू नका रे. भीती वाटते म्हणून बरोबर या."

एझ्राने नाक पुसलं. पाहुण्यांसमोर, सगळ्यांच्या देखत, बाहीनेच पुसलं.

"चौपट," मीनाक्षी दारातून म्हणाली.

"काय?"

"एक तिकीट घेतलंत, चार भरायची. ताबडतोब म्हणालात. आत्या, तुम्ही, मी आणि दीना. तिला सुट्ट्या लागताहेत, हनुक्काही तेव्हाच आहे. मी मोजलंय."

"एकदम कायदेशीर," प्रफुल्ल म्हणाला.

"आमची आम्ही काढू," पनिना पेटीमागून म्हणाली. हायमला तिने विचारलं नाही. हायमने लगेच मान डोलावली, कारण न विचारता ठरवणं त्या दिवशी त्याला फार महाग पडलं होतं.

एझ्रा त्या मोठ्या खुर्चीत बसला, पण आता राजासारखा नाही, नुसता दमलेल्या माणसासारखा. "आणि परतीचं?" त्याने विचारलं. "तुझं इकडे परत यायचं तिकीट काढू का नको?"

"ते मला तिथे विचार. निघायच्या आदल्या दिवशी. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून, माझ्या हातचा चहा पिऊन विचार."

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तर लोकांना सांग, कोकरू नाही म्हणालं."

लोक हसले, पण एझ्रा हसला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ती थट्टा करतेय की खरं सांगतेय, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ठरवता येत नव्हतं, आणि ते आपण ठरवायचं नाही हेही त्याला कळलं होतं.

"विचारीन," तो म्हणाला.